स्क्रिप्टच्या आधी धावलेली फाईल

मित्रमैत्रिणींनो, दुपारपासून डोकं बधिर झालंय, तरी लिहिते.

तामलवाडीच्या माझ्या आत्यांनी तरुणपणी दुष्काळी कामावर खडी फोडली. गेल्या आठवड्यात त्यांच्या आठवणी मी रेकॉर्ड केल्या. आज दुसऱ्याच एका फोल्डरमध्ये जाऊन तिथल्या नको असलेल्या ऑडिओ फायली पुसणारी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाईल, चालवली. त्या तशाच राहिल्या आणि आत्यांचं रेकॉर्डिंग गेलं. दुसरी प्रत नव्हती.

तासाभरानं कारण सापडलं. महिन्यापूर्वी मीच BASH_ENV या एन्व्हायरनमेंट व्हेरिएबलमध्ये माझ्या स्टार्टअप फाईलचा पत्ता दिला होता. तो दिला की प्रत्येक बॅश स्क्रिप्ट सुरू होण्याआधी त्या फाईलमधल्या आज्ञा चालतात. आणि सोयीसाठी तिच्यात मी cd ची ओळ लिहिली होती, थेट आत्यांच्या फोल्डरमध्ये नेणारी. स्क्रिप्ट तिथं गेली आणि तिनं आपलं काम केलं.

घरातली पहिली पदवीधर मी. रडतच फोन केला.

"आत्या, तुमचं सगळं बोलणं माझ्या हातून पुसलं गेलं."

"बरं झालं."

"बरं कसं?"

"तू दूध संस्थेच्या जुन्या चेअरमनला कौतुकानं माझ्या शेजारी बसवलंस. खडीच्या कामावर त्योच मुकादम व्हता. त्यानं बायांना कसं छळलं, ते त्याच्या तोंडावर म्या कसं सांगू? रविवारी ये. एकलीच ये."

cd ची ती ओळ मी लगेच काढून टाकली. पण आत्यांच्या शेजारी त्या माणसाला खुर्ची मीच दिली होती. तुम्ही कुणाच्या आठवणी ऐकायला बसता, तेव्हा शेजारी कोण बसलेलं चालेल हे त्यांना विचारता का?