खैरनारच्या बारा टोप्या

अविनाश खैरनार गेला, हे मला इथं आखातात, माझ्या अर्दियाच्या गोदामात कळलं. मी टाइल्सच्या ट्रकवाल्याशी भांडत होतो. भांडण अर्धवट सोडून निघालो... आयुष्यात पहिल्यांदाच. बनेद अल-गारला त्याच्या घरी पोचलो, तर वहिनींनी रडत रडत माझ्यासमोर बेसबॉलच्या बारा टोप्या मांडल्या. "इक्बालभाई, यांना नाशिकला नेताना शवपेटीत एक ठेवायचीय. त्यांची खरी टीम कुठली?"

मी टोप्या उलटसुलट करून पाहिल्या. सोळा वर्षं दर शुक्रवारी सकाळी त्याच्या सोफ्यावर बसून, त्याचे पोहे हाणत मी अमेरिकेतलं बेसबॉल पाहिलं, आणि एवढंही मला ठाऊक नव्हतं! शुऐब्याच्या तेलाच्या प्लांटमधला हा इंजिनिअर अमेरिकेला कधी गेला नाही. टीमसाठी तो खेळ बघायचाच नाही. बघायचा बाहेरदेशांतून आलेल्या खेळाडूंसाठी. शॉर्टस्टॉपच्या जागी डॉमिनिकन खेळाडू उभा दिसला की "उसाच्या गावचा आहे हा!" असं म्हणायचा, जणू तो निफाडचाच. चेंडू टाकणारा पिचर जपानचा, झेलणारा कॅचर व्हेनेझुएलाचा, एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, सगळं बोटांच्या खुणांवर... "थेट आमचा प्लांट!" म्हणून तो टाळ्या पिटायचा. खेळाडूने टीम बदलली की हाही टोपी बदलायचा.

"अव्या, निष्ठा म्हणून काही असते की नाही?" मी चिडवायचो.

"इक्बाल्या, हे बाहेरचे काढले तर त्या मैदानावर राहील काय? गवत! आणि आपण निघालो तर शुऐब्यात?"

"धूर," मी म्हणायचो. गडी खूश!

तर आता निवडू कुठली? त्याच्या भिंतीवर टोप्यांसाठी ओळीने बारा खिळे होते; शेवटी त्यातल्या पहिल्या खिळ्याची, प्लांटवर जाताना तो रोज घालायचा ती, सगळ्यांत विटलेली निळी टोपी मी उचलली. जास्त विटली म्हणजे जास्त लाडकी, हे माझं गोदामवाल्याचं डोकं. मोठ्या रुबाबात वहिनींच्या हातात दिली.

नाशिकहून परतल्यावर त्याची मुलगी सई म्हणाली, "अंकल, दॅट वन? बाबा हेटेड देम!"

त्याच टीमने म्हणे त्याच्या आवडत्या डॉमिनिकन पिचरला कोपर गेल्यावर सोडून दिलं होतं. तो पिचर गावी परतला, पुन्हा मैदानावर दिसला नाही. खैरनारचाही प्लांटमधला करार डिसेंबरात संपणार होता, पुढे वाढणार नव्हता. हेसुद्धा मला सईकडूनच कळलं. मला तो बोलला नव्हता.

"मग प्लांटवर जाताना रोज तीच का घालायचा गं?"

"आय डोंट नो, अंकल..."

मलाही कळलेलं नाही. उरलेल्या अकरा टोप्या वहिनींनी मला दिल्या. मी हॉलमध्ये खिळे मात्र बारा ठोकले, त्याच क्रमाने. बायको म्हणते, "पहिला काढून टाका, ओढणी अडकते." मी काढत नाही. शुक्रवारी एकटाच मॅच लावतो. पोहे कच्चे राहतात, नियम अजून डोक्यावरून जातात. गेल्या शुक्रवारी एक पिचर कोपर धरून मैदानाबाहेर निघाला, तर मी सोफ्यावरून ताडकन उठलो, "अरे, सोडू नका रे त्याला!" म्हणून ओरडलो... आणि त्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.