आधी उघडा हात

धक्का बसवून घेण्याची कला अख्ख्या खान्देशात एकट्या आमच्या घरमालकांना साधली होती. तुम्हाआम्हाला धक्का बसतो तेव्हा आपण घटकाभर गप्प होतो आणि मग कामाला लागतो. त्यांचा धक्का सकाळी बसला की दुपारी जेवताना ताजा व्हायचा आणि संध्याकाळी ओट्यावर बसून चार लोकांना वाटला जायचा. ते दातांचे डॉक्टर होते. धुळ्याच्या त्या घरात खाली दवाखाना, मधल्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको अक्का, आणि वरच्या दोन खोल्यांत मी, शाळेत नुकतीच चिकटलेली भाडेकरू. जिन्यात गाठ पडली की डॉक्टर कठडा धरून उभे राहायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि खालच्या आवाजात म्हणायचे, "बाई, मला धक्का बसलाय." पहिल्या वेळी मी घाबरून अक्कांना हाक मारली होती. कारण निघालं ते एवढंच की बाजारात दंतमंजनाच्या डब्या मिळेनाशा होऊन सगळीकडे ट्यूबा आल्या होत्या.

हे ऐंशीच्या दशकातलं. दातांच्या धंद्यात तेव्हा रोज काहीतरी नवं येत होतं आणि डॉक्टरांना उसंत म्हणून नव्हती. त्यांच्याकडे पायाने चालवायचं दात कोरायचं यंत्र होतं. पेशंटच्या दाताशी हात आणि खाली पायटा मारणारा पाय, असे ते तासन्‌तास उभे असत, आणि त्या घरघरीवर माझ्या खोलीतली भांडी वाजत. मग त्यांचा पुतण्या मुंबईहून दातांचं शिकून आला, त्याने जळगावला दवाखाना थाटला आणि काकांना हवेवर गरगरणारं नवं यंत्र दाखवायला नेलं. परत आले ते हादरूनच. दात असा लोण्यासारखा कापला जायला लागला तर माणसाला दाताची किंमत काय राहील, हा त्यांचा सवाल होता. तो त्यांनी मला विचारला, दूधवाल्याला विचारला, तपासणीला आलेल्या एका फौजदारालाही तोंड उघडं ठेवायला लावून विचारला. चार महिन्यांनी तेच यंत्र आमच्याकडे आलं. आणि मग डॉक्टरांना दुसरा धक्का बसला. पारोळ्याच्या एका दाताच्या डॉक्टरकडे अजून पायटाच आहे, हे त्यांना कळलं होतं. "या काळात, बाई," ते म्हणाले, "जिवंत माणसांच्या तोंडात!"

ही त्यांची रीतच होती. नव्या वस्तूचा आधी धक्का, मग खरेदी, आणि मग ती वस्तू दुसऱ्याकडे नाही म्हणून धक्का. निळा उजेड पाडून दातातलं सिमेंट घट्ट करायचा दिवा आला तेव्हा 'तोंडात दिवा पेटवणं हे काही चांगल्या माणसाचं काम नाही' असं म्हणून त्यांनी आठवडाभर पुतण्याशी अबोला धरला. पुढच्या वर्षी लाइट गेली म्हणून तोच दिवा लागला नाही, तर वीज मंडळाच्या कचेरीत जाऊन त्यांनी एवढा गोंधळ घातला की साहेबाने आपलाच किडका दात दाखवून त्यांना शांत केलं.

धक्के फक्त तेच खात होते असं नाही. मलाही मिळत. हत्यारं नुसती उकळून भागत नाही, वाफेच्या दाबाखाली ठेवली पाहिजेत, हे पुतण्याने सांगितलं त्या सुमारास अक्कांनी मला खिचडी खायला बोलावलं. कुकरची शिट्टी झाली, अक्का म्हणाल्या तूच उघड. मी झाकण काढलं तर आत दात उपटायचे चार चिमटे! मी किंचाळले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "तो त्यांचा कुकर. खिचडीचा डावीकडचा." तरी मी त्या घरी पुढे कित्येक महिने वरणाकडे संशयानेच पाहत होते.

आता हातमोज्यांचं सांगते, कारण सगळं त्यावरच येऊन ठेपलं.

डॉक्टरांचा हात हीच त्यांची खरी मालमत्ता होती. तपकिरी, रुंद, कायम साबणाचा वास येणारा. डोळ्यांना दिसत नाही ते मला बोटाला दिसतं, असं ते म्हणत आणि ते खोटं नव्हतं. हिरडीवरून एकदा बोट फिरवलं की कुठे पू आहे, कुठे मूळ वाकडं आहे, सांगून टाकत. आणि तो हात ते कुणाच्याही तोंडात घालत. तंबाखूने काळं पडलेलं तोंड असो, भिल्लाचं असो, नगराध्यक्षांच्या सासूबाईंचं असो, आधी गालावर हात, मग आत बोट. लोक शिंदखेड्याहून, साक्रीहून एस.टी.ने यायचे ते या हातासाठी.

मग जळगावला दातांच्या डॉक्टरांची सभा झाली. तिथे कुणी मोठ्या शहरातून आलेल्याने सांगितलं की नवा एक आजार आला आहे, काविळीचाही एक वाईट प्रकार आहे, आणि डॉक्टरचा उघडा हात एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात नेतो. रबरी हातमोजे घालायलाच हवेत. नेहमीप्रमाणे त्यांना धक्का बसला. हे म्हणजे टोपी घालून आंघोळ करण्यासारखं आहे, असं त्यांनी जाहीर केलं. नेहमीप्रमाणे मोज्यांचा डबाही आला. तेव्हा ते फेकून द्यायचे असतात हे कुणाच्या गावी नव्हतं. अक्का ते धुऊन, पावडर लावून गच्चीत दोरीवर वाळत घालत. पहाटे मी तुळशीला पाणी घालायला वर गेले तर ओळीने पांढरे पंजे वाऱ्यावर मला टाटा करत होते. पुतण्या आला, त्याने ती दोरी पाहिली आणि या घरात पहिल्यांदाच त्याला धक्का बसला. त्यानंतर मोजे एकदाच वापरायचे ठरलं.

आणि मोजे घालून डॉक्टर तयार झाले त्या सोमवारी खुर्चीत नाना बसले होते. नाना म्हणजे नरडाण्याच्या अलीकडच्या एका गावचे म्हातारे, डॉक्टरांचे फार जुने पेशंट. त्यांचा उजवा गाल सुजून टम्म झाला होता, डोळा अर्धा मिटला होता. मी त्या वेळी बाकावर माझ्या नंबराची वाट बघत होते. डॉक्टर मोज्यांतले हात पुढे करून आले. नानांनी त्या हातांकडे पाहिलं. मग डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "डाक्टर, मना तोंडले आज विटाळ व्हयना का?" माझ्या तोंडाला आज विटाळ झाला का, एवढं विचारून उत्तराची वाट न बघता ते उठले, वहाणा घातल्या आणि सुजलेला गाल पंच्यात धरून निघून गेले.

डॉक्टरांना काही समजलंच नाही. म्हातारा चक्रम झाला, असं ते दिवसभर म्हणत राहिले. पण त्यांना जेवण जाईना. तो पू गळ्यात उतरला तर माणूस जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. मंगळवारी नाना आले नाहीत. बुधवारीही नाहीत. गुरुवारी शाळेला सुट्टी होती. अक्का मला म्हणाल्या, तू यांच्याबरोबर जा, हे बसमध्ये लोकांचे दात बघत बसतात आणि उतरायचं विसरतात. ते खरंच होतं. नरडाण्याच्या रस्त्याला कंडक्टरला त्यांनी अक्कलदाढेबद्दल दोन गोष्टी सुनावल्या, आणि आमचा थांबा मीच ओळखला.

थांब्यावर एक चहाचं हॉटेल होतं. मालकाने डॉक्टरांना ओळखलं, आम्हाला खुर्च्या दिल्या, नानांना निरोप धाडला. नाना आले, पण आत आले नाहीत. सूज गळ्याकडे सरकली होती, बोलताना ओठ हलत नव्हते. मालकाने आम्हा दोघांना काचेच्या ग्लासात चहा दिला. नाना हॉटेलच्या मागच्या भिंतीकडे गेले, तिथल्या कोनाड्यातला कान तुटलेला कप त्यांनी स्वतःच काढला, स्वतःच विसळला आणि हातभर लांब धरला. मालकाने वरून, न टेकवता, चहा ओतला. दोघांनीही ते इतक्या सवयीने केलं की मला आधी कळलंच नाही मी काय बघतेय.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. आता हे कठडा धरतील, चष्मा कपाळावर चढवतील, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं बोलतील, असं मला वाटलं. चष्मा होता तिथेच राहिला. इतक्या वर्षांत त्यांना खराखुरा धक्का बसलेला मी तेवढा एकदाच पाहिला, आणि मलाही जो बसला तो अजून गेलेला नाही. वीस-पंचवीस वर्षं त्या माणसाच्या तोंडात त्यांनी हात घातला होता, आणि त्या हाताचं नानांना काय वाटत असेल हे त्यांना कधी माहीतच नव्हतं. त्यांच्या लेखी तो नुसता दात बघायचा हात होता.

ते उठले. मालकाकडे साबण मागितला, रांजणाजवळ जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि सगळ्या हॉटेलसमोर नानांच्या सुजल्या गालावर उघडा तळवा ठेवला. एरवी ते शहरी मराठी बोलत, पण त्या दिवशी घरची अहिराणी बाहेर आली. "नाना, विटाळ तुमना तोंडले नही. मना हातले शे. सकायपाईन कितला तोंडेसमा फिरस तो. तुमले काही व्हवाले नको म्हणीसन झाकस." विटाळ नानांच्या तोंडाला नव्हता, सकाळपासून कितीतरी तोंडांत फिरणाऱ्या त्या हाताला होता, आणि नानांना काही होऊ नये म्हणून तो झाकायचा होता.

गालावरचा हात नानांनी काढू दिला नाही, स्वतःचा हात त्यावर धरून ठेवला. मग म्हणाले, "आतेच येस मी." आमच्याबरोबरच बसले एस.टी.त. निघताना डॉक्टरांनी आपला ग्लास तिथेच ठेवला, चहा न पिता. मालकाला काय समजायचं ते समजलं असावं, नसेलही. माझाही चहा राहिलाच.

त्या दुपारी नानांचा दात निघाला, पू निघाला, नाना वाचले. आणि त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात एक पद्धत पडली. खुर्चीत कुणीही बसो, डॉक्टर आधी त्याच्यादेखत हात धुणार, उघडा तळवा गालावर ठेवणार, चार शब्द बोलणार, मग पुन्हा हात धुऊन मोजे चढवणार. पुतण्या जळगावहून आला की वेळ मोडतो म्हणून तक्रार करायचा. पुढे दवाखान्याच्या कचऱ्याचे नियम आले, उपटलेला दात पेशंटला पुडीत बांधून द्यायचा नाही असं झालं, ग्राहक कोर्टाची भीती आली, प्रत्येक कागदावर सही घ्यायची वेळ आली. डॉक्टरांना प्रत्येकाचा यथासांग धक्का बसला आणि प्रत्येक नियम त्यांनी पाळला. पद्धत मात्र सोडली नाही.

अक्का गेल्यावर ते जळगावला पुतण्याकडे राहायला गेले. माझीही तोवर जळगावच्या शाळेत बदली झाली होती, मी जाऊन बसायची. ऐकू कमी यायचं, धक्के कमी झाले होते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचंच वाईट वाटायचं. एकदा गेले तर त्यांचा शेवटचा उरलेला दात हलायला लागला होता. पुतण्याने त्यांना आपल्या चकचकीत खुर्चीत निजवलं होतं. तोंडाला मास्क, हातात मोजे, डोक्यावर दिवा. "काका, आ करा," तो म्हणत होता. काका ओठ घट्ट मिटून छताकडे बघत होते. त्याने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. मला म्हणाला, हे आता फार हट्टी झालेत.

मी म्हटलं, "अरे, आधी हात."

त्याला आठवलं असावं. त्याने मोजे काढले, नळाखाली हात धुतले आणि काकांच्या सुरकुतलेल्या गालावर तळवा ठेवला. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.