उष्टा धागा

कापडाच्या मागावर आडवा धागा घेऊन धावतो तो धोटा. लाकडाचा, दोन्ही टोकांना निमुळता, आणि एका कुशीला बारीक भोक. पोटातली सुताची कांडी संपली की नवी बसवायची आणि तिचा धागा त्या भोकातून बाहेर काढायचा. त्यासाठी सुई नाही, तार नाही. भोकाला ओठ लावून श्वास जोरात आत ओढायचा. दादा मिलमध्ये लागला तेव्हा एक टाकाऊ धोटा घरी घेऊन आला आणि मोठ्या कौतुकाने त्याने हे करून दाखवलं. सुर्रकन आवाज झाला, धागा त्याच्या जिभेवर आला. मी शाळकरी पोर, टाळ्या वाजवल्या.

आईने हातातली पळी खाली ठेवली. "आणि दुसऱ्या पाळीत हा कोण वापरतं?"

"जो येईल तो. मिलचा आहे आई, आपला थोडाच आहे."

"म्हणजे साऱ्या दुनियेचं जूठं तोंडात घेतोस तू!"

आमचं घर संस्थानच्या राजधानीत, छत्रीबागेत. वडील दरबारच्या कचेरीत होते. संस्थान विलीन झालं, मध्यभारत आलं, कचेऱ्यांची उलथापालथ झाली. त्यात वडिलांची जागा गेली आणि पाठोपाठ वडीलही गेले. दादाने कॉलेज सोडून मिल धरली, म्हणून चूल पेटत होती. पण दरबार गेला तरी आमचा तोरा गेला नव्हता. दुसऱ्याच दिवशी आईने दादाचं ताट, वाटी आणि तांब्या ओसरीतल्या कोनाड्यात नेऊन ठेवला. तो तिथेच जेवू लागला. आई वरून वाढायची, भांड्याला भांडं लागू द्यायची नाही. "मिल सोड, मग ये पंगतीला," म्हणायची. मिल सोडली तर पंगतीत वाढायचं काय, हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

आणि ही आई स्वतः शिवणयंत्रावर बसली की काय करायची? धाग्याचं टोक ओठांत धरून ओलं करायची आणि सुईत ओवायची. शेजारणी येत, त्याही त्याच रिळाचा धागा ओठांत धरत. दादा यंत्रांचा वेडा. सुट्टीच्या दिवशी तो ते शिवणयंत्र उघडून बसे आणि मला शिकवी. मागावरचा उभा धागा फक्त वरखाली होतो, आडवा धावतो. इथे वरचा धागा खाली जाऊन खालच्याला गाठतो. "आणि स्क्रूचे हे आटे बघ, खिळ्याला कुणी दोरा गुंडाळावा तसे. हे झिजले की यंत्र खिळखिळं झालंच समज." असं म्हणत तो एकेक आटा पुसून तेल सोडायचा.

एकदा आई सुई ओवताना तो म्हणाला, "आई, तू पण तर तेच करतेस ना? सीधी बात आहे."

"घरचं वेगळं," आई म्हणाली.

तो हसला. मला मात्र आईचा असा राग यायचा की अंगाची लाही व्हायची. कारण सणाच्या दिवशी आम्ही आत बसलो की तो ओसरीतून आत बघत राहायचा, ते मला दिसायचं. "एक पाट मांड ना आई, आत," एवढंच त्याने आयुष्यात तिच्याकडे मागितलं होतं.

मग खोकला सुरू झाला. मिलमध्ये सगळ्यांनाच असतो, म्हणत त्याने तो अंगावर काढला. रक्त पडलं तेव्हा आईने त्याला डॉक्टरांकडे नेलं, मीही बरोबर होते. क्षय निघाला. डॉक्टर आईला म्हणाले, "याची भांडी वेगळी ठेवा. जवळ बसून जेवू नका."

आमच्याकडे ती वेगळीच होती. घरी येऊन आईने कोनाड्यातलं ताट उचललं, स्वयंपाकघरात आपल्या ताटाशेजारी ठेवलं, दोन पाट मांडले आणि ओसरीत येऊन म्हणाली, "चल रे, आत ये जेवायला."

दादा उठला. दारापर्यंत आला, चौकट धरून त्याने ते दोन पाट बघितले. त्याचे डोळे भरून आले.

"आता नाही आई. अब नहीं. तू जवळ नको येऊस माझ्या."

"मला काही होत नाही."

"हिला होईल ना," माझ्याकडे बघून तो म्हणाला.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच्या हाताने त्याचं ताट परत ओसरीत नेलं.

इंजेक्शनं झाली, पण फार उशीर झाला होता. पुढची दिवाळी त्याने पाहिली नाही. तोवर रोज तो ओसरीत जेवायचा आणि आई उंबऱ्याच्या आत बसून राहायची. त्याचं होईपर्यंत ती घास घ्यायची नाही. त्याच्यासाठी मांडलेल्या पाटावर ती मला बसवायची. मला तिथून उठावंसं वाटायचं. पण दादा ओसरीतून बघत असायचा, म्हणून मी जेवायचे.