अकराला संपलेलं शिबिर

कोलकात्याला बदली झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या सोसायटीत घरकाम करणाऱ्या बायकांसाठी कॅन्सरची मोफत तपासणी ठेवली. कल्पना माझी. डॉक्टरीणबाईंना मीच विनवून आणलं, बंगालीतली सूचना लिफ्टपाशी मीच चिकटवली. रविवारी सकाळी आठ ते अकरा.

कामवाली एकही आली नाही. आम्ही फ्लॅटवाल्याच तेवढ्या तपासून घेऊन परतलो. जिन्यात शेजारीण म्हणाली, "फुकटाची किंमत नसते यांना." मी मान डोलावली.

चार महिन्यांनी आमच्याकडच्या बाई भांडी घासताना डावा हात जपू लागल्या. इथल्या रीतीने मी त्यांना माशी, म्हणजे मावशी, म्हणते; त्या मला बौदी, म्हणजे वहिनी. खोदून विचारलं तेव्हा त्यांनी छातीतली गाठ दाखवली. दुर्गापूजेच्या आधीपासूनची.

"मग शिबिराला का नाही आलात?"

माशी हसल्या. "आठ ते अकरा मी कुठे असते, बौदी? त्या दिवशी तुमच्याच पोह्यांच्या बशा घासत होते. अकराला खाली आले, तर खुर्च्या उचलत होते."

माझी आई तालुक्याच्या गावी चार घरची भांडी घासायची. तिच्या सकाळी मला पाठ होत्या. त्यांच्याच जिवावर मी घरातली पहिली पदवीधर झाले. सूचनेत वेळ लिहिताना मात्र त्यातलं काही आठवलं नाही.

रजा काढून मी माशींबरोबर सरकारी रुग्णालयात गेले. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "चार महिने आधी आला असतात तर बरं झालं असतं. गाठ काखेपर्यंत पोचलीय. आता आधी केमो, मग ऑपरेशन." माशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरी जायला दोनची गाडी मिळेल का, एवढंच विचारलं.

पुढच्या शिबिराची वेळ माशींनी ठरवली. दुपारी साडेबारा. तेव्हा कामं आटपून, सियालदह स्टेशनवर गाडी पकडायला निघण्याआधी, बायका पंपघराच्या सावलीत मुडी, म्हणजे आपले चुरमुरे, खात बसतात. सूचना चिकटवण्याआधी मी ती माशींना वाचून दाखवली.

त्या दिवशी रांग लागली. केस गेलेल्या डोक्यावर पदर घट्ट ओढून माशी दारात उभ्या होत्या. एक तरुण बाई मागे रेंगाळली, तसं तिला म्हणाल्या, "जा आत. मुडी कुठे पळून जात नाही."

ती आत गेली. मी नाव लिहून घेतलं.

माशींचे अजून तीन केमो बाकी आहेत.