आवाज न करणारा पंखा

कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय परवा बदलला. जुन्याचा पंखा इतका घरघरायचा की फोनवर पलीकडचा माणूस विचारायचा, "पिठाच्या गिरणीत आहात का?" नव्याचा आवाजच नाही. काम हलकं असलं तर त्याचा पंखा फिरतसुद्धा नाही म्हणे. आत तापलं की मगच फिरतो.

हवी होती ती शांतता मिळाली. तरी आज दुपारी मी टेबलाखाली वाकून, कागदाची पट्टी त्याच्या जाळीपाशी धरून बसलो होतो. पट्टी हलेना. आवाजाला वैतागणारा मीच आता आवाज नाही म्हणून बेचैन! ज्याला आपण वर्षानुवर्षं कटकट म्हणतो, तो आवाज आपल्याला नेमकं काय सांगत असतो?

आई स्वयंपाकघरातून डोकावली. "बिघडला का रे?"

"नाही गं. फिरतोय का ते बघतोय."

"नवीन आहे ना? मग कशाला बघायचं?"

पलीकडच्या खोलीत बाबा झोपले होते. त्यांच्या घोरण्याच्या नावाने आईने जन्मभर बोटं मोडली आहेत. आमचं बोलणं चालू असतानाच ते घोरणं थांबलं. आईही थांबली. ओले हात पदराला पुसत ती त्यांच्या दारापाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. मीही पट्टी धरून तसाच.

मग एकदम खर्र करून घोरणं सुरू झालं.

"झालं यांचं सुरू!" आई करवादली आणि भांडी घासायला गेली.