अख्खी थप्पी हलवणारा प्रोग्रॅम

पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या कंपनीत कुणाला फुरसत नसते. जालन्यातल्या अशाच एका कंपनीचे कॉम्प्युटर मी सांभाळते. त्या दिवशी कुंभार पिंपळगावला जाणारा ट्रक दारात उभा होता, पिशव्या भरून तयार होत्या, आणि लेबलं निघत नव्हती. लेबलाशिवाय पिशवी विकता येत नाही.

प्रोग्रॅम पुण्याच्या एका फर्मचा. त्यांनी फोनवरच निदान करून टाकलं : मेमरी कमी पडते, नवा कॉम्प्युटर लागेल, घेऊनच निघालोय.

गोदामाचे मॅनेजर म्हणाले, “मॅडम, मालक म्हणतेत तुमचं देखभालीचं कामबी त्यांनाच देऊन टाकू. ते यायच्या आत बघा काही जमलं तर.”

मी कोड उघडला आणि दुपारपर्यंत ओळीओळीनं वाचला. सगळ्या लेबलांचा मजकूर एकाच लांब ओळीत, एकेक लेबल शेवटी जोडत तयार होत होता. दोष तिथंच होता.

“मेमरी कमी न्हाई का मंग?”

“पुरेशी आहे. पण या भाषेत एकदा लिहिलेली ओळ लांबवता येत नाही. एक लेबल जोडायचं तर नवी, मोठी जागा घ्यायची, आधीचं सगळं तिथं उतरवायचं, मग नवं लेबल. जुन्या प्रती लगेच पुसल्या जात नाहीत, त्या जागा अडवतात. थप्पीवर एक पोतं चढवायला अख्खी थप्पी दुसरीकडं हलवायची. प्रत्येक पोत्याला.”

“हमाल मारतेल मला.”

“कॉम्प्युटर मारत नाही. हलवत बसतो.”

“आन् लिहिलेलं मशीनच्या भाषेत करून देणारा तो कंपायलर? त्याला दिसत न्हाई?”

“कंपनीचं नाव आणि पत्ता ठरलेला असतो, तेवढं कंपायलर आधीच जोडून ठेवतो. प्रत्येक खेपेचे लॉट नंबर प्रोग्रॅम चालू झाल्यावर येतात. तिथं आपणच डोकं चालवायचं.”

मी मोजक्या ओळी बदलल्या. लेबलं सुटी ठेवली. सगळी जमल्यावर एकूण लांबी मोजून जागा एकदाच घेतली आणि तिथं सगळी लेबलं एकदाच जोडली. कंपायलरनं कुरकुर न करता प्रोग्रॅम बांधून दिला. चहा येण्याआधी प्रिंटर सुरू झाला.

मॅनेजरांनी पहिल्या लेबलावरचा नंबर पिशवीशी ताडून पाहिला आणि फोन लावला.

“कुठवर आलात साहेब? बदनापूर? मंग या, चहा प्या, पण ते डबडं गाडीतून उतरवू नका. आमच्या मॅडमनं केलं बराबर. देखभालीचं? ते आता जालन्यातच ऱ्हाईल.”