बाबांचा गवा

आमच्या बाबांनी तरुणपणी दाजीपूरच्या जंगलात गवा पाहिला होता, यावर आमच्या घरात एकट्या बाबांचाच विश्वास होता.

मालवणच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक लुगडं चाचपता चाचपता विचारायचं, "काय मगे, गवो बरो आसा मा?" सगळ्यांत जास्त टिंगल मीच करायचो (नुकतीच नोकरी लागली होती, तेव्हा अक्कलही आलीच असा समज!). पण साठी उलटल्यावर एकदा बाबा जेवता जेवता म्हणाले, "मरूच्या आधी तुमका तो एकदा दाखवतलंय." आवाज असा काही होता, की मी टिंगल विसरून रजेचा अर्ज लिहायला घेतला.

दिवाळी सरताच बाबा, आई, धाकटी शालू आणि मी एसटीने फोंडा घाट चढून दाजीपूरला गेलो. वर धुकं, सोनेरी गवत, बोचरा गारवा. आईने वारा बाधेल म्हणून कानांवरचा पदर काही सोडला नाही, त्यामुळे सगळी शोभा तिने अर्ध्या डोळ्यानेच पाहिली. जंगलाच्या रखवालदाराने बजावलं की गवा दिसेल, पण चकार शब्द काढायचा नाही. शालूची चप्पल वाजत होती, तर मी ती तिला हातात घ्यायला लावली.

पण परक्या देवाच्या हद्दीत गाऱ्हाण्याशिवाय पाऊल कसं टाकायचं? बाबा नारळ धरून उभे राहिले. गाऱ्हाणं (म्हणजे देवाला घातलेलं साकडं) एकाने घालायचं, बाकीच्यांनी हात जोडून, डोळे मिटून दर मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मध्येच तोडलं तर देव कोपतो. रखवालदाराच्या धाकाने सगळं कुजबुजत चाललं होतं. इतक्यात बाबांचा आवाज कापला.

"बा देवा म्हाराजा, समोर गवो उभो आसा, तो ह्या लेकरांच्या नजरेक पडांदे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

अहो, त्या कापऱ्या आवाजाने भारावून आम्ही तिघं बेंबीच्या देठापासून ओरडलो! 'समोर उभा आहे' हे डोक्यात शिरेपर्यंत तोंडाने आपलं काम उरकलं होतं. डोळे उघडले तर झुडपं हलत होती आणि रखवालदार कपाळाला हात लावून खाली बसला होता.

बाबांनी आमच्याकडे पाहिलं. "कोणीच बघूक नाय?"

त्यांचा चेहरा बघून मी पुढे झालो. म्हटलं, "मिया बघलंय, बाबा."

"खरा? शिंगां कशी हुती?"

त्यांचीच गोष्ट लहानपणापासून पाठ होती. "हातभर. कमानीसारखी!"

बाबांनी हातातला नारळ खाली ठेवला. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "अरे, तो ल्हान पाडो हुतो. तेका बोटभर पण शिंगां नाय हुती."

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"पण बाजारात सांगताना हातभरच सांग हां."

बाबांना जन्मभर थापाड्या म्हणणारा मी, त्या दिवसापासून त्यांच्या दुकानात भागीदार झालो, कापडाच्या नव्हे!